'रिटार्डेड' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ, उपयोग आणि मराठी पर्याय

सारांश : बौद्धिक क्षमतेचे वर्णन करणारे 'रिटार्डेड' हे इंग्रजी विशेषण विसाव्या शतकात शिक्षण, मानसशास्त्र, वैद्यक आणि कायदा या चारही क्षेत्रांत अधिकृत संज्ञा म्हणून वापरले गेले व एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांपैकी बहुतेक ठिकाणांहून ते हद्दपार झाले. या विशेषणाचा मूळ अर्थ कोणता होता, तो कसा बदलत गेला, त्याच्या व्याख्येवर माणसांचे कोणते हक्क अवलंबून राहिले आणि मराठीत त्याचे भाषांतर करताना नेमके काय हरवते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : अर्थपरिवर्तन, बुद्ध्यंक, मतिमंद, बौद्धिक अक्षमता, भाषांतर.

प्रस्तावना

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यास 'रिटार्डेशन' हा शब्द प्रथम भेटतो तो भौतिकशास्त्राच्या पुस्तकात. गतिमान वस्तूचा वेग उत्तरोत्तर कमी होत जाणे असा त्याचा तेथे अर्थ असून मराठीत त्यासाठी 'मंदन' ही संज्ञा रूढ आहे. तोच विद्यार्थी पुढे शिक्षणशास्त्राकडे वळला तर जुन्या पुस्तकांत त्यास 'मेंटल रिटार्डेशन' ही संज्ञा आढळते आणि तिच्यासमोर 'मतिमंदत्व' हा मराठी पर्याय दिलेला असतो. एकाच क्रियापदापासून बनलेली ही दोन रूपे. पहिले आजही निर्धास्तपणे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिता येते. दुसऱ्याचे विशेषणरूप, म्हणजे 'रिटार्डेड' हा शब्द, इंग्रजी भाषक समाजात आज सभ्य संभाषणात उच्चारला जात नाही.

शब्द अपशब्द का झाला, एवढाच हा प्रश्न असता तर तो शिष्टाचाराचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु या विशेषणाच्या व्याख्येवर एखाद्या व्यक्तीस देहान्त शासन व्हावे की न व्हावे, एखाद्या स्त्रीच्या गर्भाविषयीचा निर्णय तिने घ्यावा की इतरांनी, हे ठरलेले आहे. म्हणून त्याच्या अर्थाचा इतिहास तपशिलाने पाहणे आवश्यक ठरते.

मूळ अर्थ : उशीर

'टार्डस' या लॅटिन विशेषणाचा अर्थ सावकाश, संथ, उशिरा येणारा असा आहे. त्यापासून बनलेल्या 'रिटार्डारे' या क्रियापदाचा अर्थ उशीर करविणे, अडवून धरणे. फ्रेंचमार्गे हे क्रियापद इंग्रजीत आले. पाश्चात्त्य संगीतात लय क्रमाने संथ करण्याची सूचना देणारा 'रिटार्डांडो' हा इटालियन शब्द याच कुळातील होय. आगीचा प्रसार लांबविणाऱ्या द्रव्यास इंग्रजीत जे नाव आहे तेही यातूनच घडले आहे.

'रिटार्डेड' हे या क्रियापदाचे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषण होय. म्हणजे त्याचा शब्दशः अर्थ 'ज्याला उशीर करविला गेला आहे तो'. यात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, काहीतरी मार्गावर आहे आणि ते पुढे जात आहे. दोन, त्याला मागे ठेवणारे कारण त्याच्याबाहेर असू शकते. मराठीत या रूपाशी घटनेने सर्वांत जवळचा शब्द शोधू गेल्यास तो 'विलंबित' हा सापडतो. योगायोग असा की, आपल्याकडे विलंबित लय ही गायकाच्या तयारीची कसोटी मानली जाते. तेथे हा शब्द प्रतिष्ठेचा आहे.

मुलांच्या संदर्भात हे विशेषण रूढ झाले तेव्हा त्याचा हा मूळ अर्थ पुष्कळ अंशी शाबूत होता. अमेरिकेत लिओनार्ड आयर्स यांनी १९०९ साली शहरी शाळांतील मागे राहिलेल्या मुलांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या लेखी 'रिटार्डेड' मूल म्हणजे ज्या इयत्तेत असावयास हवे त्या इयत्तेच्या मानाने वयाने मोठे असलेले मूल. आजारपणामुळे, शाळेत उशिरा नाव घातल्यामुळे, गैरहजेरीमुळे अथवा नापास झाल्यामुळे जे मागे राहिले ते सर्व या विशेषणात मोडत. अमेरिकन सार्वजनिक शाळांतील सुमारे एक-तृतीयांश मुले या अर्थाने 'रिटार्डेड' असल्याचा त्यांचा हिशोब होता. आपल्याकडे 'पोर एक वर्ष मागे पडले' असे म्हणताना जो भाव असतो तोच येथे होता. मुलाच्या मेंदूविषयी हे विधान नव्हते. शाळा आणि मूल यांच्यातील वेळापत्रकाविषयीचे ते विधान होते.

पूर्वसंज्ञा आणि त्यांची गती

याच सुमारास बौद्धिक दुर्बलतेसाठी वैद्यकात व कायद्यात निराळेच शब्द चालू होते. 'इडियट', 'इंबेसिल' आणि 'फीबल-माइंडेड' हे ते शब्द. आज यांतील पहिले दोन केवळ शिव्या म्हणून शिल्लक आहेत; परंतु ते मुळात शिव्या नव्हते. 'इडियट'चे ग्रीक मूळ सार्वजनिक कारभारात भाग न घेणारी खासगी व्यक्ती असे सांगते. 'इंबेसिल'चा लॅटिन अर्थ दुर्बल, आणि तोही आधी शरीराने दुर्बल. इंग्लंडमधील १९१३ च्या मानसिक न्यूनता कायद्याने हे तिन्ही शब्द व्याख्या देऊन वापरले होते. हिंदुस्थानात १९१२ च्या लुनसी कायद्याने 'ल्युनॅटिक' या शब्दाच्या व्याख्येतच 'इडियट'चा समावेश केला. वेड लागणे आणि बुद्धीची वाढ न होणे या दोन भिन्न अवस्था एकाच कोठडीत टाकण्याचे हे काम पुढे दीर्घकाळ त्रासदायक ठरले.

फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन चाचणी सिद्ध केली. शाळेत विशेष साहाय्याची गरज असलेली मुले ओळखणे एवढाच तिचा हेतू होता. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेत काम करणाऱ्या हेन्री गॉडर्ड यांनी ती चाचणी अमेरिकेत नेली आणि मानसिक वयानुसार श्रेणी पाडल्या. प्रौढ व्यक्तीचे मानसिक वय तीन वर्षांखाली असल्यास 'इडियट', तीन ते सात असल्यास 'इंबेसिल'. आठ ते बारा या वरच्या श्रेणीसाठी शब्द नव्हता, म्हणून १९१० साली त्यांनी ग्रीकमधून तो घडविला : 'मोरॉन'. शास्त्रीय परिभाषेसाठी हेतुपूर्वक बनविलेला हा शब्द थोड्याच वर्षांत रस्त्यावरची शिवी झाला. शब्द जुना असल्याने डागाळतो, या समजुतीस 'मोरॉन' हा बिनतोड अपवाद आहे.

या श्रेणींचे परिणाम केवळ भाषिक नव्हते. व्हर्जिनिया राज्याच्या १९२४ च्या कायद्यानुसार 'फीबल-माइंडेड' ठरविलेल्या कॅरी बक या तरुणीच्या निर्बीजीकरणास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली आठ विरुद्ध एक अशा मताने मान्यता दिली. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या 'इंबेसिल' असल्याचे न्या. होम्स यांनी निकालपत्रात गृहीत धरले. पुढील संशोधनात आढळले ते असे की, कॅरीवर बलात्कार झाला होता आणि त्यातून जन्मलेली तिची मुलगी व्हिव्हियन ही अल्पायुषी ठरली तरी शाळेत तिचे नाव एकदा गुणवंतांच्या यादीत झळकले होते. एका विशेषणाने तीन पिढ्या झाकल्या होत्या आणि तिसऱ्या पिढीच्या बाबतीत ते तपासून पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नव्हती.

सौम्य शब्दाची निवड

'मेंटली रिटार्डेड' ही संज्ञा या पार्श्वभूमीवर पुढे आली, हे विसरता कामा नये. ती अवहेलना म्हणून आली नाही. आधीच्या अवहेलनेवरील उतारा म्हणून आली. 'उशीर झालेला' असे म्हणण्यात मूर्खपणाचा आरोप नव्हता आणि वाढ पुढे होऊ शकते, ही आशा होती. १९५० साली अमेरिकेत अशा मुलांच्या पालकांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली तेव्हा तिच्या नावात हा शब्द त्यांनी स्वतः घातला. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाच्या नावातही तो होता. केनेडी यांची बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अक्षमता होती आणि १९४१ साली तिच्या मेंदूवर झालेल्या शस्त्रक्रियेने तिची स्थिती कायमची बिघडली. ही गोष्ट कुटुंबाने वर्षानुवर्षे दडवून ठेवली होती. दुसरी बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ साली एका नियतकालिकातून रोझमेरीविषयी उघडपणे लिहिले. त्या काळात 'रिटार्डेड' म्हणणे हे लपवणूक संपविण्याचे लक्षण होते.

पालकांच्या त्याच संघटनेच्या नावांचा क्रम पाहिला तरी शब्दाचा प्रवास कळतो. १९५३ मध्ये नावात 'रिटार्डेड मुले' होती. १९७३ मध्ये 'मुले' जाऊन 'नागरिक' आले, कारण मुले मोठी झाली होती. १९९२ मध्ये आद्याक्षरांपासून बनलेला 'आर्क' एवढाच शब्द राहिला आणि मूळ विशेषण नाहीसे झाले. व्यावसायिकांच्या संघटनेचे नाव तर अधिक बोलके आहे. १८७६ मध्ये 'इडियॉटिक' व 'फीबल-माइंडेड', १९०६ मध्ये फक्त 'फीबल-माइंडेड', १९३३ मध्ये 'मेंटल डेफिशियन्सी', १९८७ मध्ये 'मेंटल रिटार्डेशन' आणि २००७ मध्ये 'इंटलेक्च्युअल अँड डेव्हलपमेंटल डिसॅबिलिटीज'. स्टीव्हन पिंकर यांनी या प्रकारास सौम्योक्तीचे पायचक्र अशा अर्थाचे नाव दिले आहे. नवा सभ्य शब्द आणला जातो, वस्तूविषयीची अनास्था त्यास चिकटते, मग आणखी नवा शब्द शोधावा लागतो. हे निरीक्षण मार्मिक असले तरी त्यावरून 'मग शब्द बदलून उपयोग काय' असा जो निष्कर्ष अनेकदा काढला जातो तो घाईचा वाटतो. प्रत्येक बदलाबरोबर व्याख्याही बदलत गेली आणि व्याख्येबरोबर माणसे आत-बाहेर झाली.

व्याख्येची सीमारेषा

याचे सर्वांत ठळक उदाहरण १९७३ सालचे आहे. बुद्ध्यंकाच्या चाचण्यांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन सामान्यतः १५ धरले जाते. उपरोक्त व्यावसायिक संघटनेच्या १९६१ च्या नियमपुस्तिकेनुसार सरासरीच्या एक प्रमाण विचलनाखाली, म्हणजे साधारण ८५ च्या खाली, बुद्ध्यंक असलेली व्यक्ती 'सीमावर्ती' श्रेणीत का होईना, पण 'रिटार्डेड' या संज्ञेत येऊ शकत होती. १९७३ च्या आवृत्तीने ही रेषा दोन प्रमाण विचलनांवर, म्हणजे सुमारे ७० वर, आणली. केवळ आकड्याच्या निकषाने पाहिल्यास पहिल्या रेषेखाली लोकसंख्येचे सुमारे १६ टक्के लोक येतात, तर दुसऱ्या रेषेखाली दोन-सव्वादोन टक्के. (दैनंदिन व्यवहारातील समायोजनक्षमतेचा निकष दोन्ही वेळा जोडीला होता, त्यामुळे प्रत्यक्ष संख्या याहून कमी.) शब्द तोच राहिला, रेषा सरकली आणि असंख्य व्यक्ती एका आवृत्तीपासून दुसऱ्या आवृत्तीपर्यंतच्या अवधीत, स्वतःमध्ये कोणताही बदल न होता, त्या विशेषणातून मुक्त झाल्या. 'लाल', 'उंच', 'आंधळा' या विशेषणांप्रमाणे हे विशेषण वस्तूत दिसणाऱ्या गुणाचे नाव नाही, हे यावरून स्पष्ट होते. ते एका मापनपट्टीवरील स्थानाचे नाव आहे आणि पट्टी माणसांनी आखलेली आहे.

२००२ साली ॲटकिन्स विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मेंटली रिटार्डेड' गुन्हेगारास देहान्त शासन देणे घटनाबाह्य ठरविले. १९८९ मध्ये याच न्यायालयाने नेमका उलट निर्णय दिला होता. मात्र या विशेषणात कोण बसतो हे ठरविण्याचे काम राज्यांवर सोपविले गेले. फ्लोरिडाने बुद्ध्यंक ७० वा त्याहून कमी अशी ताठर रेषा ओढली. फ्रेडी हॉल या आरोपीचा मांडलेला बुद्ध्यंक होता ७१. कोणत्याही बुद्धिचाचणीच्या निकालात काही गुणांची मापनत्रुटी असतेच, हे मानसशास्त्राच्या प्रथम वर्षात शिकविले जाते. तरीही त्या एका गुणावर त्याचा पुढील पुरावाच ऐकून घेतला गेला नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही ताठर रेषा अवैध ठरविली. याच निकालात न्यायालयाने आपण 'मेंटल रिटार्डेशन'ऐवजी 'इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी' ही संज्ञा वापरीत असल्याचे नमूद केले. टेक्सासमधील न्यायालयाने तर २००४ साली निकष सांगताना जॉन स्टाइनबेक यांच्या कादंबरीतील लेनी या पात्राचा दाखला दिला होता. त्या निकालातील निकष २०१७ मध्ये रद्द होईपर्यंत एका काल्पनिक पात्राची सावली खऱ्या माणसांच्या जगण्या-मरण्यावर पडत राहिली.

दरम्यान संसदीय भाषेतही बदल झाला. मेरीलँड राज्यातील रोझा या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या कुटुंबाने शाळेच्या कागदपत्रांतील शब्दास हरकत घेतली. तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेत संमत होऊन संघराज्याच्या अनेक कायद्यांतून 'मेंटल रिटार्डेशन' ही संज्ञा वगळण्यात आली. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तसेच केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात 'बौद्धिक विकासाचे विकार' अशा अर्थाची संज्ञा आहे.

व्याकरणाचा भाग

'रिटार्डेड'च्या अधोगतीत व्याकरणाचाही वाटा आहे आणि याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. 'मेंटली रिटार्डेड चाइल्ड' या प्रयोगात 'मेंटली' हे क्रियाविशेषण अर्थाला बांध घालते : उशीर कोणत्या बाबतीत, हे ते सांगते. बोलण्यात ते गळले. नंतर नामही गळून 'द रिटार्डेड' असा समूहवाचक प्रयोग आला. अखेरीस विशेषणाचा प्रत्ययही गळाला आणि क्रियापदाचेच रूप, आघात पहिल्या अवयवावर ओढून, नाम म्हणून वापरले जाऊ लागले. तीच शाळेच्या मैदानावरील शिवी. प्रत्येक पायरीवर माणूस थोडा थोडा वगळला गेला. 'रिटार्डेड व्यक्ती' याऐवजी 'रिटार्डेशन असलेली व्यक्ती' म्हणावे, हा व्यक्तिप्रथम आग्रह या गळतीवरचा उपाय होता. मराठीत असा उपाय करताना 'असलेली' हे जड धातुसाधित वाक्यावाक्यात येऊन भाषा अडखळते हे खरे. तथापि अधिकृत लेखनात ती अडचण सोसावी लागते.

भारतीय कायद्यातील स्थिती

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने 'मेंटल रिटार्डेशन' आणि 'मेंटल इलनेस' यांच्या स्वतंत्र व्याख्या केल्या. ही विभागणी किती मोलाची होती याचा प्रत्यय २००९ साली आला. चंडीगडमधील शासकीय संस्थेत राहणारी एक अनाथ तरुणी लैंगिक अत्याचारातून गरोदर राहिली. तिला मूल हवे होते. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि त्याचा एक मुख्य आधार शब्दार्थाचा होता. वैद्यकीय गर्भपात कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'ल्युनॅटिक' जाऊन 'मानसिक आजारी व्यक्ती' हा शब्द आला होता आणि त्याच्या व्याख्येतून 'मेंटल रिटार्डेशन' स्पष्टपणे वगळलेले होते. पालकाच्या संमतीने गर्भपात करता येतो तो मानसिक आजारी स्त्रीचा. या तरुणीची बौद्धिक अक्षमता सौम्य होती, तिला मानसिक आजार नव्हता. म्हणून तिची स्वतःची संमती आवश्यक होती. ज्या संज्ञेला आज आपण नाके मुरडतो त्या संज्ञेच्या अचूक वापराने येथे एका स्त्रीचा हक्क राखला. १९१२ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही अवस्था एकच मानल्या असत्या तर निकाल निराळा लागला असता.

याच्या उलट चित्र महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९९४ साली पुण्यात शासकीय वसतिगृहातील मतिमंद स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. मासिक पाळीतील स्वच्छता त्यांना सांभाळता येत नाही, असे कारण देण्यात आले. सामाजिक कार्यकर्त्यांनी आवाज उठविल्यावर शस्त्रक्रिया थांबल्या. त्यांच्या संमतीचा प्रश्न तेथे कोणाला पडलाच नव्हता. विशेषणानेच तो निकालात काढला होता.

'मानसिक वय' या गॉडर्डकालीन कल्पनेची मर्यादा २०१७ मध्ये पुढे आली. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यातील 'वय' या शब्दात मानसिक वयाचाही समावेश करावा, अशी मागणी मेंदूचा पक्षाघात असलेल्या ३८ वर्षीय पीडितेच्या वतीने करण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. पीडितेविषयी पूर्ण सहानुभूती बाळगूनही हा निर्णय भाषिकदृष्ट्या योग्य म्हणावा लागेल. अडतीस वर्षांच्या स्त्रीचे मानसिक वय सहा ते आठ आहे, हे विधान चाचणीतील गुणांविषयी आहे. ती सहा वर्षांची मुलगी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. अडतीस वर्षांचे जगणे, शरीर आणि स्मृती तिच्याजवळ असतातच.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने 'इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी' ही संज्ञा स्वीकारली व तीत बौद्धिक कार्य आणि समायोजनक्षम वर्तन अशा दोन्ही बाबतींतील लक्षणीय मर्यादा आवश्यक मानली. परंतु जुना शब्द एका दाराने बाहेर पडून दुसऱ्या दाराने आत आला. याच कायद्याच्या परिशिष्टात मानसिक आजाराची व्याख्या करताना त्यात 'रिटार्डेशन'चा समावेश होत नाही, असे म्हटले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही 'मेंटल रिटार्डेशन' कायम आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या तर नावातच ती संज्ञा आहे.

मराठी पर्यायांचा विचार

मराठीत 'मतिमंद' हा शब्द स्थिरावला तो शाळा व संस्थांच्या द्वारे. १९६४ साली सिंधूताई जोशी यांनी पुण्यात सुरू केलेल्या 'कामायनी'सारख्या संस्थांचे काम वाढले तेव्हा 'वेडा', 'खुळा', 'मठ्ठ' या शब्दांच्या मानाने 'मतिमंद' हा सभ्य आणि सहृदय शब्द होता. अमेरिकन पालकांची निवड आणि ही निवड एकाच जातीची. 'मतीने मंद तो मतिमंद' असा हा तत्पुरुष समास. 'मंद आहे बुद्धी ज्याची तो मंदबुद्धी' हा बहुव्रीही. 'मंद' या शब्दास संस्कृतात मोठी परंपरा असून कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी स्वतःलाच ते विशेषण विनयाने लावून घेतले आहे.

मात्र 'रिटार्डेड' आणि 'मतिमंद' हे समानार्थी मानले जात असले तरी त्यांची प्रतिमा वेगळी आहे. इंग्रजी शब्द काळाविषयी बोलतो : उशीर झाला. मराठी शब्द तीव्रतेविषयी बोलतो. आपण मंद दिवा, मंद आच, मंद हसू असे म्हणतो. उशीर भरून निघू शकतो. मंद दिवा स्वभावतःच मंद असतो. इंग्रजी शब्दातील 'कोणीतरी वा कशानेतरी मागे ठेवलेला' ही कर्मणि छटा मराठीत उतरतच नाही. त्यामुळे आयर्स यांच्या १९०९ च्या ग्रंथातील 'रिटार्डेड' या शब्दासाठी 'मतिमंद' लिहिणे ही केवळ असभ्यता नव्हे, ती सरळ चूक ठरेल. तेथे 'इयत्तेने मागे राहिलेला' असेच लिहावे लागेल.

शाळेत चालणारा मराठमोळा शब्द याहून निराळा आहे. 'ढ' हे एकाक्षरी विशेषण! ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत इतर अक्षरांची वळणे बदलली, पण 'ढ' होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात सुधारणा होत नाही तो विद्यार्थी 'ढ', अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. उपपत्ती खरी असो वा नसो, तिच्यातील कल्पना 'रिटार्डेड'च्या अगदी विरुद्ध टोकाची आहे. एक म्हणतो उशिरा पोहोचेल, दुसरा म्हणतो जागचा हलणार नाही.

पर्याय योजताना आणखी एक खाचखळगा आहे. ब्रिटनमध्ये 'लर्निंग डिसॅबिलिटी' ही संज्ञा बौद्धिक अक्षमतेसाठी वापरली जाते. अमेरिकेत व भारतात तिचा अर्थ वाचन, लेखन, गणित यांतील विशिष्ट अडचण असा होतो आणि अशा मुलाची सर्वसाधारण बुद्धी उत्तम असू शकते. ब्रिटिश पुस्तकाचे भाषांतर करताना तेथे यांत्रिकपणे 'अध्ययन अक्षमता' लिहिल्यास अर्थाचा अनर्थ होतो. तद्वतच बुद्ध्यंक ७० ते ८५ या पट्ट्यातील मुलांसाठी कोठे कोठे 'गतिमंद' हा शब्द चालतो. तो 'मतिमंद'ला यमक म्हणून सोयीचा असला तरी उच्चारसाम्यामुळे पालकांचा गोंधळ वाढवितो.

हा गोंधळ महाराष्ट्रात अखेर एका कागदावर येऊन थांबतो. वि. वि. कामत यांनी धारवाड येथे बिने चाचणीचे कन्नड व मराठी रूपांतर केले आणि १९४० साली त्याविषयी ग्रंथ लिहिला. बिने-कामत या नावाने ती चाचणी दीर्घकाळ वापरात राहिली. प्रमाणपत्राच्या व्यवस्थेत सौम्य श्रेणीस ५० टक्के, मध्यमास ७५, तीव्रास ९० आणि अतितीव्रास १०० टक्के अपंगत्व मानले जाते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असल्याने सौम्य श्रेणी मिळणे वा न मिळणे हाच कळीचा प्रश्न बनतो. ज्या शब्दाने मुलाला शेजारी चिडवितात तोच शब्द कागदावर लिहून मिळावा म्हणून आईवडिलांना रांगेत उभे राहावे लागते. या विसंगतीचा उलगडा शब्दकोशात होणारा नाही. परंतु शब्दकोशाने निदान अर्थांचा क्रम नीट द्यावा. 'रिटार्डेड'समोर आधी 'मंदावलेला, विलंबित' हे सामान्य अर्थ, नंतर 'इयत्तेने मागे पडलेला' हा शैक्षणिक अर्थ आणि त्यानंतर 'मतिमंद' हा अर्थ 'पूर्वी शास्त्रीय, आता अवमानकारक' अशा टीपेसह यावा. चालू लेखनासाठी 'बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती' हा पर्याय निर्दोष नसला तरी कायद्याच्या व्याख्येशी जुळणारा आहे.

जुन्या दस्तऐवजांचे भाषांतर हा यास अपवाद करावा लागेल. १९९५ ते २०१६ या काळातील प्रमाणपत्रे, न्यायनिर्णय आणि शासन निर्णय मराठीत आणताना मूळ संज्ञा गुपचूप बदलणे उचित नाही. २००९ च्या चंडीगड प्रकरणाचा निकाल 'मानसिक आजार' आणि 'मेंटल रिटार्डेशन' यांच्या शब्दशः भेदावर उभा आहे. त्यात 'मतिमंदत्व' ठेवून पहिल्या उल्लेखापाशी आजची संज्ञा नोंदविणे पुरेसे होते. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावाबाबतही, संसद ते बदलीपर्यंत, भाषांतरकारास हेच करावे लागेल.